आमचं पाणलोट क्षेत्र

मिल्टन कीन्समधल्या मराठी माणसाशी दोन मिनिटं बोललात, की त्याचं मूल केवढं आहे ते ओळखता येतं. तो राउंडअबाउटांना शिव्या देत असेल, तर नुकतंच लग्न झालेलं आहे. नर्सरीच्या फीला शिव्या देत असेल, तर मूल दोन वर्षांचं. आणि शिव्याबिव्या काही न देता हळूच तुमचा पोस्टकोड विचारत असेल, तर मूल चार वर्षांचं झालेलं आहे आणि माणूस हातचा गेलेला आहे.

२००७ सालच्या ऑक्टोबरात मी हातचा गेलो. आमची स्वराली पुढच्या सप्टेंबरात शाळेत जायची होती. आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या बरोबर मागे हेरॉन वॉक नावाची शाळा होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं मैदान दिसायचं आणि मधल्या सुट्टीचा गलका ऐकू यायचा. कोणत्याही शहाण्या माणसाने फॉर्मवर ते नाव लिहिलं असतं आणि पंखा लावून झोपला असता. पण इंग्लंडात पंखा नसतो.

अडचण स्वरालीच्या तोंडाची होती. घरी ते तोंड मिटत नसे आणि नर्सरीत उघडत नसे. नर्सरीतल्या बायका फार सोज्वळ. त्या 'स्वराली इज अ व्हेरी गुड लिसनर' असं लिहून पाठवायच्या. आमच्या खानदानात आजवर कोणी लिसनर झालेला नाही, त्यामुळे कस्तुरीला, म्हणजे माझ्या बायकोला, रात्रीची झोप लागेना. तिथे स्वराली बोलायची ती फक्त तनिषाशी, तेही कानात. मग तनिषा खणखणीत आवाजात जाहीर करायची, "स्वराली वॉन्ट्स टॉयलेट." तनिषा ही आमचे मित्र विनय आणि नीना यांची मुलगी. प्रवक्त्री शाळेत सोबत हवी, एवढीच आमची मागणी होती. ती पुढे केवढ्याला पडणार याची कल्पना नव्हती.

तनिषाचं घर फिंचवूड प्रायमरीच्या हद्दीत होतं. फिंचवूडला तपासणीत 'आउटस्टँडिंग' शेरा मिळालेला. नीना म्हणजे आमच्या गोतावळ्यातलं चालतंबोलतं कौन्सिल. तिने आम्हाला जेवायला बोलावलं आणि पहिल्याच वाढपात निकाल दिला.

"यतीन, तुम्ही ताबडतोब फिंचवूडच्या कॅचमेंटमध्ये राहायला या. जानेवारीत फॉर्म जायच्या आत. नंतर रडून काही होत नाही, आय ॲम टेलिंग यू."

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, घास हातातच राहिला. अण्णा आठवड्यापूर्वीच सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आले होते. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, उपअभियंता म्हणून निवृत्त. कॅचमेंट या शब्दाशी त्यांचा संसार आईपेक्षा जुना.

"कॅचमेंटमध्ये?" अण्णा म्हणाले. "राहायला?"

"हो ना अण्णा. इथे सगळे तेच करतात."

"अहो, आम्ही लोकांना कॅचमेंटमधून उठवायचो. नोटिसा देऊन!"

"इथे उलटं आहे. जास्तीचं भाडं देऊन लोक आत घुसतात."

"आणि सरकार काही म्हणत नाही?"

"सरकारच तर नकाशा देतं."

अण्णांनी घास ताटात ठेवला. "तरीच यांचं साम्राज्य गेलं," ते म्हणाले.

मग विनयने समजावलं, की शाळेच्या कॅचमेंटचा पाण्याशी संबंध नाही. ज्या भागातली मुलं त्या शाळेत आधी घेतात तो भाग म्हणजे कॅचमेंट. अण्णांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पोरांचं पाणलोट क्षेत्र," ते म्हणाले. "पोरं उताराने वाहत वाहत शाळेत जमा होतात." विनय हो म्हणाला, आणि तिथे चुकला. कारण पाणलोट म्हटलं की त्यात उतार आला, उतार आला की लेव्हल आली, आणि लेव्हल आली की अण्णा आले. त्यात त्यांनी विचारलं, की एवढा खटाटोप करायचा तर नातीला सरळ पब्लिक स्कूलमध्येच का घालत नाही. इथे पब्लिक स्कूल म्हणजे जिथे पब्लिकला आत घेत नाहीत, लॉर्ड लोकांची मुलं जातात ती, हे मी सांगितल्यावर त्यांनी साम्राज्याबद्दलचं मत आणखी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन लावला. कौन्सिलच्या बाईंचा आवाज इतका गोड, की नकार ऐकूनही आभार मानावेसे वाटत. त्यांनी सांगितलं, की कॅचमेंटमधले अर्ज जागांपेक्षा जास्त झाले तर जवळ राहणाऱ्याला आधी जागा, आणि अंतर मोजायचं ते 'ॲज द क्रो फ्लाइज', म्हणजे सरळ रेषेत. मी फोन ठेवून घरात जाहीर केलं, की आपल्याला शाळेच्या गेटपर्यंत कावळा उडेल तितकं कमी अंतर हवं आहे.

"कावळा?" अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कावळा सरळ कधी उडतो? तुझ्या काकांच्या दहाव्याला दोन तास घिरट्या घातल्या त्याने. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. अशा बेभरवशाच्या पक्ष्यावर हे लोक ॲडमिशन देतात?"

तरीही आम्ही नकाशा पसरला. फिंचवूडच्या गेटावर टाचणी, टाचणीला शिवणाचा दोरा, आणि दोरा ताणून मी वर्तुळं काढू लागलो. या काळात ऑफिसात माझं मोठं नाव झालं, कारण मी सतत स्क्रीनवर नकाशे बघत असे आणि साहेबाला वाटे मी लॉजिस्टिक्सचं मॉड्यूल एकट्याने उपसतो आहे. कॉफी मशीनपाशी भेटणारा प्रत्येक जण सल्ला द्यायचा. एकाने सांगितलं, देव बदला, चर्चच्या शाळेत नंबर लागतो. दुसऱ्याने सांगितलं, शहर बदला, एडिनबराला या भानगडी नाहीत. तो स्वतः एडिनबराला कधीच गेलेला नव्हता.

फॉर्मवर तीन शाळा लिहायच्या असतात. म्हणून उपचारापुरती हेरॉन वॉकही बघून आलो. अण्णा आणि स्वराली बरोबर होती. अण्णांना शाळा पसंत पडली. कारण ती उंचवट्यावर होती आणि पावसाचं पाणी चारी बाजूंनी खाली जात होतं. स्वराली एका निळ्या टबापाशी उभी राहिली. त्यात पाणी, पेले, फनेल आणि नळ्या टाकलेल्या होत्या, पोरांनी खेळायला. ती तिथून हलेना. मी घड्याळ बघत होतो, कारण अकरा वाजता फिंचवूडजवळचं एक घर बघायचं होतं. शेवटी तिला उचलून गाडीत घातली.

ते घर म्हणजे मिलस्ट्रीम क्लोजमधलं टोकाचं घर. फिंचवूडच्या गेटापासून इतकं जवळ, की कावळ्याला पंख पसरायचीही गरज नाही. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या कुंपणापलीकडे ओहोळ. एजंट गॅरी नावाचा तरुण होता, टोकदार बुटांचा. तो प्रत्येक खोलीत शिरून 'लव्हली' म्हणायचा. भिंतीवरच्या ओलीला तो 'कॅरॅक्टर' म्हणाला.

"नावातच पाणी आहे," अण्णा माझ्या कानात म्हणाले. "आणि हे अंगण ओढ्याच्या पात्रापेक्षा हातभरही वर नसेल. पैज लावतो."

"अण्णा, आपल्याला शाळा बघायचीय. धरण नाही बांधायचंय."

"कॅचमेंट ते कॅचमेंट," अण्णा म्हणाले.

पुढच्या शनिवारी कस्तुरी कामावर गेली होती आणि मी आंघोळीला. तेवढ्यात अण्णा स्वरालीला घेऊन बसने मिलस्ट्रीम क्लोजला गेले. बरोबर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली पारदर्शक नळी होती, पाण्याने भरलेली. आपल्याकडे गवंडी वापरतात तीच. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावरून कुठली जागा उंच, कुठली खोल ते समजतं. मी अण्णांनी ठेवलेली चिठ्ठी वाचून गाडी हाणत पोचलो तेव्हा नळीचं एक टोक फुटपाथवर होतं आणि दुसरं शेजारच्या घराच्या हेजमधून, म्हणजे झुडपांच्या कुंपणातून, बाहेर आलं होतं. हेजमध्ये अण्णा होते.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "हे टोक धर. हलवू नकोस."

मी, मास्टर्स इन कंप्युटर मॅनेजमेंट, सीनियर कन्सल्टंट, तीन खंडांत काम केलेला माणूस, रस्त्यात उकिडवा बसून नळी धरून राहिलो. समोरच्या खिडकीतला जाळीचा पडदा हलला. मी ओशाळून हसलो. पडदा पुन्हा हलला. मग एक पोलीस आला. पूर्ण पोलीस नव्हे, कम्युनिटीवाला, निळी पट्टी आणि सायकल. पण माझ्या व्हिसाच्या पोटात गोळा यायला तेवढा पुरेसा होता.

"गुड मॉर्निंग, जेंटलमेन. काय चाललंय, विचारू का?"

अण्णा हेजमधून उभे राहिले आणि सरकारी इंग्रजीत म्हणाले, "सर, आय ॲम टेकिंग रिड्यूस्ड लेव्हल्स ऑफ द कॅचमेंट, फॉर नीडफुल ॲक्शन."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी नळीकडे पाहिलं. पोलिसासमोर मला नेहमी गुन्हा केल्यासारखं वाटतं, आणि इथे तर हातात नळी होती. समोरच्या घरातल्या आजीबाईही गाऊन सावरत बाहेर आल्या होत्या.

"ही इज माय अण्णा," खालून आवाज आला. "ही इज लुकिंग व्हेअर वॉटर गोज. वॉटर ऑल्वेज गोज डाउन. यू होल्ड धिस."

आणि स्वरालीने नळीचं टोक पोलिसाच्या हातात दिलं.

त्याने ते धरलं. आजीबाईंनाही मग काम मिळालं. त्यांचं नाव मिसेस प्रिचर्ड, त्यांनी अण्णांच्या हाताखाली खडूने खुणा केल्या. अण्णा मराठीत सांगायचे, स्वराली त्यांना इंग्रजीत सांगायची, आणि काम सुरळीत चाललं. मी गाडीत जाऊन बसलो. माझी इज्जत हेजमध्ये पडली होती आणि ती उचलायला जायची माझी इच्छा नव्हती. घरी आल्यावर कस्तुरीला मी पोलिसाबद्दल सांगितलं, नळीबद्दल सांगितलं, शेजाऱ्यांसमोर उकिडवं बसल्याबद्दल सांगितलं. कोण काय बोललं ते काही सांगितलं नाही, कारण माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

अण्णांचा निकाल प्रतिकूल होता. अंगण ओढ्यापेक्षा वीतभर वर. नीनाचा निकाल होता, की फिंचवूडजवळ भाड्याने घर मिळणं म्हणजे देव भेटणं. मी मध्यममार्गी माणूस. घर विकत घेतलं नाही, वर्षाच्या करारावर भाड्याने घेतलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे बुडायचंय, पण हप्त्याने."

डिसेंबरात सामान हललं. जुन्या पलंगाला जिना मानवेना, म्हणून तो अर्धा कापला. 'कॅरॅक्टर' आमच्या कपड्यांना लागलं. जानेवारीत मी फॉर्म भरला, पहिली पसंती फिंचवूड, आणि त्याच आठवड्यात जो पाऊस लागला तो थांबेना. एका सकाळी कस्तुरीने पडदा सरकवला आणि किंचाळली. मागच्या अंगणात गुडघाभर पाणी होतं आणि त्यात दोन बदकं, अगदी भाडं भरल्यासारखी निवांत फिरत होती. पाणी पायरीपर्यंत येऊन थांबलं. अण्णा खिडकीत उभे होते. ते 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हणाले नाहीत. त्यांनी चहा मागितला, आणि तो इतक्या समाधानाने प्यायले की ते म्हणण्यापेक्षा वाईट. स्वराली मात्र गमबूट घालून मिसेस प्रिचर्डच्या दारावर थापा मारत होती. "कम, कम! आमच्याकडे लेक आला!"

"आला नाही, आलं. तळं आलं," मी मागून ओरडलो. मराठीची काळजी आम्ही शिस्तीत घेतो.

एप्रिलमध्ये निकाल आला. स्वरालीला फिंचवूड मिळालं. कस्तुरी रडली, मी पेढ्यांसाठी दूध आटवायला ठेवलं, आणि नीनाला फोन केला. ती अगदी हळू आवाजात बोलली. नीनाकडे हळू आवाज म्हणजे काहीतरी मोडलेलं असतं.

"तनिषाला नाही मिळालं," ती म्हणाली. "या वर्षी जागा लांबच्या घरांपर्यंत पोचल्याच नाहीत म्हणे. तिला हेरॉन वॉक दिलंय. तुमच्या जुन्या फ्लॅटच्या मागे."

आमचं घर गेटाजवळ, त्यांचं कॅचमेंटच्या कडेला. ज्या मुलीसाठी आम्ही बदकांत राहायला आलो, तिलाच ढकलून आम्ही आत शिरलो होतो. नीनाने एका शब्दाने तसं म्हटलं नाही, म्हणून जास्तच लागलं. दूध उतू गेलं. मला खरोखर फार वाईट वाटलं; आणि तनिषाशिवाय स्वराली त्या आउटस्टँडिंग शाळेत वर्षभर मुकी बसेल, हे दिसत होतं.

दोन दिवस कस्तुरी आणि मी बोललो आणि मग काळजावर दगड ठेवून ठरवलं. कुणाला न सांगता, उपकार न दाखवता, मी कौन्सिलच्या गोड बाईंना फोन केला. फिंचवूडची जागा सोडतो, स्वरालीला हेरॉन वॉक द्या. तिथे जागाच जागा होत्या. मुली एकत्र राहतील. फोन ठेवल्यावर मला इतकं उदात्त वाटलं, की मी अण्णांनाही चहा करून दिला.

संध्याकाळी नीनाचा फोन. ती आनंदाने ओरडत होती. "यतीन! मिळालं! फिंचवूड मिळालं तनिषाला! वेटिंग लिस्टवर पहिली होती ना. मी लगेच यस म्हणून टाकलं. अरे, कुठल्या तरी येड्याने जागा सोडली म्हणे!"

"हो," मी म्हणालो. "येडाच बोलतोय."

अर्ध्या तासात विनय-नीना तनिषाला घेऊन आमच्याकडे हजर. नीना डोळे पुसत होती, मधेच हसत होती, मधेच मला फटके मारत होती. "सांगायचं नाही का रे? मी उद्या सोडते ती जागा."

"मग तुम्ही ती परत मागणार का?" विनय म्हणाला.

"नको नीना, तू सोडलीस की ती तिसऱ्यालाच मिळेल आणि आपण दोघंही कोरडे," मी म्हणालो.

"कोरडे राहायचं असेल तर आधी हे घर सोडा," अण्णा म्हणाले.

सगळे एकदम बोलत होते. शेवटी कस्तुरी म्हणाली, "अरे, तिला विचारलंय का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. नकाशाला विचारलं, कावळ्याला विचारलं, कॉफी मशीनपाशी विचारलं. मुली टेबलाखाली बसल्या होत्या. मी वाकून, फार हळुवार आवाजात विचारलं, की तनिषा एका शाळेत आणि तू दुसऱ्या शाळेत, असं झालं तर चालेल का सोनू?

"कुठल्या? त्या पाणीवाल्या?" स्वराली म्हणाली.

"पाणीवाल्या म्हणजे?"

"त्या वरच्या. टब होता ती. तू मला ओढून नेलंस ती." मग ती तनिषाच्या कानात काहीतरी बोलली. तनिषाने उठून खणखणीत जाहीर केलं, "स्वराली वॉन्ट्स दॅट वन. आय कॅन कम ऑन सॅटर्डेज."

अण्णा त्याच महिन्यात परत गेले. जाताना मिसेस प्रिचर्डनी त्यांना फ्रूटकेक दिला आणि अण्णांनी त्यांना नळी दिली.

घराचा करार डिसेंबरपर्यंत होता. त्यामुळे सप्टेंबरात, फिंचवूडच्या गेटासमोर राहणारं हे कुटुंब, रोज सकाळी गाडी काढून, राउंडअबाउटामागून राउंडअबाउट ओलांडून, शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागलं. जिथून मुळात निघालं होतं तिथे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जुन्या फ्लॅटच्या खिडकीत आता दुसऱ्या कुणाचे तरी कपडे वाळत होते.

पहिल्या दिवशी दुपारी मी गेटाशी उभा होतो. बरीचशी मुलं बाहेर आली, स्वराली नाही. मग तिच्या टीचर मिस डॉयल आल्या आणि मला बाजूला बोलावलं. मी मनातल्या मनात वाक्य तयार केलं, शी इज अ व्हेरी गुड लिसनर.

"तुमची मुलगी," मिस डॉयल म्हणाल्या, "थांबतच नाही हो बोलायची. गेला तासभर वॉटर ट्रेपाशी वर्ग घेतेय. मुलांनी वाळूत घरं केली होती, ती सगळी तिने वर सरकवायला लावली. आणि एक विचारू का? 'पॅनलोट' म्हणजे काय?"

मी वाकून दारातून आत पाहिलं. निळ्या टबाभोवती पाच-सहा पोरं बाह्या वर करून उभी होती. दोघांच्या हातांत नळीची टोकं होती आणि मधे माझी मुलगी, कमरेवर हात, अगदी उपअभियंता.

"डोन्ट मूव्ह," ती म्हणत होती. "होल्ड इट स्ट्रेट. वॉटर इज थिंकिंग."

मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही एकदम येताना माणूस कसा दिसतो हे मिस डॉयलनी सभ्यपणे पाहिलं नाही. गाडीत बसल्या बसल्या मी पुण्याला फोन लावला. तिकडे रात्र व्हायला आली होती. सगळं सांगितलं.

"अण्णा?"

"ऐकतोय," ते म्हणाले. "पाणी सरळ रेषेत जात नाही रे यतीन. पण पोचतं." मग लगेच खात्यातल्या आवाजात, "डिसेंबरात घर बदलताय ना? फर्स्ट फ्लोअर बघ. आणि मिसेस प्रिचर्डकडून माझी नळी मागून घे."